तिवराच्या झाडाला इब्न सीनाचे नाव
(एका मोठ्या वनस्पतिगणाच्या वर्गीकरणाचा इतिहास)



मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्यांच्या काठी, भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभे असलेले तिवराचे झाड आपण सर्वांनी पाहिले आहे. आगगाडीच्या खिडकीतून, पुलावरून, बंदराच्या धक्क्यावरून ते रोज दिसते. चिखलातून वर डोकावणाऱ्या पेन्सिलीएवढ्या मुळ्या आणि राखट हिरवी पाने यापलीकडे त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. या झाडाचे शास्त्रीय नाव मात्र आपण लक्षात ठेवावे असे आहे. जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत त्याला 'ॲव्हिसेनिया' म्हणतात. बुखाऱ्याजवळ इ.स. ९८० मध्ये जन्मलेले थोर हकीम आणि तत्त्वज्ञ अबू अली इब्न सीना यांच्या नावाचे लॅटिन रूप म्हणजे 'ॲव्हिसेना'. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांनी १७५३ साली त्यांच्या स्मरणार्थ या झाडाला हे नाव दिले.

आपल्या सभा-समारंभांत इब्न सीनांचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचे नाव धारण करणारे झाड आपल्या दाराशी आहे, ते कोणत्या झाडांच्या गोतातले आहे, आणि हे गोत माणसाने कसे शोधून काढले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या स्मरणिकेच्या निमित्ताने तोच इतिहास थोडक्यात आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

एक गण, अनेक रूपे

वनस्पतिशास्त्रात जवळच्या जातींची मिळून एक प्रजाती होते, जवळच्या प्रजातींचे मिळून एक कुल होते आणि जवळच्या कुलांचा मिळून एक गण होतो. तिवर ज्या गणात मोडते त्याचे नाव लॅमिएलीज. सोयीसाठी आपण त्याला तुळशीचा गण म्हणू. आजच्या मांडणीप्रमाणे या गणात २४ कुले आणि सुमारे २४,००० जाती आहेत. पृथ्वीवरील फुलझाडांच्या जाती ढोबळ मानाने तीन लाख धरल्या, तर दर बारा-तेरा जातींमागे एक जात या गणाची आहे.

आपल्या घरातच पाहा. चटणीतला पुदिना, फालुद्यातला सबजा आणि तीळ या गणातले. जाई, जुई, मोगरा आणि पारिजातक याच गणातले. खोकल्यावर काढा करतात तो अडुळसा, सांधेदुखीवर शेकायला घेतात ती निरगुडी, वैद्यांची नीरब्राह्मी आणि हकिमांचा इसबगोल हीदेखील याच गणातली. घराच्या दारा-खिडक्यांचा साग याच गणातला. सूरह अत्-तीनमध्ये ज्याचा उल्लेख आहे तो जैतून याच गणात येतो. आणि सूरह अर्-रहमानमधील 'रैहान' हा शब्द अरबीत आज सबज्याच्या सुगंधी झाडासाठी वापरतात, तेही याच गणातले.

राहणीचे प्रकार तर याहून नवलाचे आहेत. तिवर समुद्राचे पाणी शोषते आणि जास्तीचे मीठ पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकते. पान जिभेला लावले तर खारट लागते. चिखलात हवा नसते, म्हणून त्याच्या मुळ्या श्वासासाठी वर येतात. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळ्यात उमलणारी 'सीतेची आसवे' ही इवलीशी वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या सूक्ष्म पिशव्या डोळ्याचे पाते लवण्याआधी पाण्यातला बारीक जीव आत ओढून घेतात. ज्वारीच्या शेतात शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारा टारफुला दुसऱ्याच्या मुळावर जगतो. त्याचे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते आणि यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणारे रसायन जाणवले म्हणजेच रुजते. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षे फुलतच नाही आणि मग एकदम सारा डोंगर जांभळा करून मरून जाते. कोकणात कुडाच्या भिंती हिच्याच काठ्यांच्या होत्या.

आता विचार करा. खाडीतले तिवर, जंगलातला साग, कुंडीतली तुळस आणि ज्वारीच्या मुळावरचा टारफुला ही एकमेकांची भावंडे आहेत असे कोणी सांगितले, तर प्रथम विश्वास बसत नाही. हे कळायला माणसाला हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

नावे जमवणारे विद्वान

या कामाची पहिली पायरी म्हणजे झाडांची नावे गोळा करणे. एकच झाड एका गावात एका नावाने आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या नावाने ओळखले जाते. औषधाच्या बाबतीत हा घोटाळा जिवावर बेतू शकतो. अरबी-फारसी विद्वानांनी हे काम फार मन लावून केले. इ.स. ८९५ च्या सुमारास निधन पावलेले अबू हनीफा अल्-दीनवरी यांनी 'किताबुन्नबात' हा वनस्पतींवरील मोठा ग्रंथ लिहिला. अल्-बिरूनींनी अकराव्या शतकात औषधांवरील आपल्या ग्रंथात एकेका द्रव्याची अरबी, युनानी, सुर्यानी, फारसी आणि हिंदी नावे शेजारी शेजारी दिली. इब्न सीनांच्या 'अल्-कानून' या ग्रंथाचा दुसरा भाग साध्या औषधी द्रव्यांचा असून त्यात सुमारे ८०० द्रव्यांचे वर्णन आहे. मलागाजवळ जन्मलेले आणि १२४८ साली दमास्कसला वारलेले इब्न अल्-बैतार यांनी हा आकडा सुमारे १४०० वर नेला.

दीनवरींच्या ग्रंथाची एक गोष्ट दक्खनच्या वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावी. त्या ग्रंथाचे बरेच भाग काळाच्या ओघात नाहीसे झाले होते. १९०८ साली हैदराबादेत जन्मलेले आणि उस्मानिया विद्यापीठात शिकलेले डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी नंतरच्या ग्रंथकारांनी दिलेले उतारे एकेक करून वेचले आणि हरवलेल्या भागाची पुन्हा जुळणी केली. ती १९७३ साली कैरोहून प्रसिद्ध झाली.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. या थोर पुरुषांनी झाडांची नाती शोधली नव्हती. इब्न सीना आणि इब्न अल्-बैतार यांची मांडणी अक्षरांच्या क्रमाने आहे, जशी शब्दकोशाची असते. वैद्याला किंवा हकिमाला औषध चटकन सापडावे हा तिचा हेतू, आणि त्या हेतूला ती योग्यच होती. पण अक्षरक्रमात तुळशीच्या शेजारी तूर येते. म्हणून ती तिची बहीण होत नाही.

गोवा, कोची आणि ॲम्स्टरडॅम

सोळाव्या शतकात युरोपातील जाणकार आपल्या किनाऱ्यावर आले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता गोव्यात राहत असे आणि अहमदनगरच्या बुरहान निजामशहाच्या दरबारी त्याचे जाणे-येणे होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात रात्री फुलून सकाळी फुले ढाळणाऱ्या पारिजातकाचे वर्णन 'दुःखी झाड' म्हणून आले आहे. पुढे लिनीअसने पारिजातकाच्या शास्त्रीय नावात हेच 'दुःखी झाड' लॅटिनमध्ये कायम ठेवले.

त्यानंतरचे मोठे काम कोचीला झाले. तेथील डच अधिकारी व्हान रीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापले गेले. माहिती देणारे होते मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी वैद्य. चित्रांवर झाडांची नावे रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत कोरलेली आहेत, आणि पहिल्या खंडात या तिघांचे कोकणी भाषेतील प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. चार लिप्यांतील ज्ञान एका पानावर आणल्याशिवाय हे शास्त्र पुढे गेले नसते, हे यावरून दिसते.

सागाची कीर्ती तर त्याच्याही कितीतरी आधी परदेशी गेली होती. अरबीत सागाला 'साज' म्हणतात. आपल्या 'साग' शब्दाशी त्याचे साम्य उघड आहे. ट्युनिशियातील कैरवानच्या जामा मशिदीत नवव्या शतकातला जो मिंबर आजही उभा आहे, तो सागवानी आहे. आणि १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांनी बांधलेले सागवानी जहाज 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अजून जपून ठेवलेले आहे. लाकूड सर्वांना ठाऊक होते. झाड कोणाच्या नात्यातले, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

पुंकेसरांची मोजणी

१७५३ साली लिनीअसने 'स्पीशीज प्लँटॅरम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक जातीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत वनस्पतींसाठी याच ग्रंथाने रूढ केली. वर्गीकरणासाठी त्याने एक सोपी युक्ती काढली. फुलातले पुंकेसर, म्हणजे परागकण धारण करणारे तंतू, किती आहेत आणि कसे आहेत ते पाहायचे आणि त्यावरून झाडाला २४ पैकी एका वर्गात बसवायचे. ज्याला मोजता येते त्याला झाड ओळखता येते, एवढी ती सोपी होती.

पण या युक्तीने आपल्या गणाचे काय झाले ते पाहा. जाई, जैतून, पारिजातक आणि अडुळसा यांना दोनच पुंकेसर, म्हणून ती दुसऱ्या वर्गात गेली. तिवर आणि इसबगोलाची प्रजाती यांना चार, म्हणून ती चौथ्यात. तुळस, तीळ आणि निरगुडी यांना दोन लांब व दोन आखूड असे चार, म्हणून ती चौदाव्यात. १७८२ साली लिनीअसच्या मुलाने सागाचे वर्णन केले. त्याला पाच-सहा पुंकेसर, म्हणून तो पाचव्यात. पुदिना आणि साल्व्हिया तर एकाच कुलातले सख्खे भाऊ. पण साल्व्हियाला पुंकेसर दोनच, म्हणून लिनीअसने त्याला पुदिन्यापासून तोडून जाईच्या पंगतीला बसवले.

लिनीअसला हे दिसत नव्हते असे नाही. आपली पद्धत सोयीसाठी आहे आणि निसर्गातील खरी नाती दाखवणारी पद्धत हेच या शास्त्राचे अंतिम ध्येय आहे, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले होते.

लिनीअसचा एक शिष्य पीटर फोर्सकाल अरबी शिकून एका डॅनिश मोहिमेबरोबर इजिप्त आणि येमेनला गेला. १७६३ साली तो येमेनमध्ये हिवतापाने वारला. त्याचा ग्रंथ मोहिमेतील सोबती कार्स्टन नीबूर याने १७७५ साली छापला. त्यात इसबगोलाचे शास्त्रीय वर्णन आहे आणि तांबड्या समुद्राकाठच्या एका तिवराचेही. अरब त्याला 'शूरा' म्हणत, म्हणून फोर्सकालने त्याच्या प्रजातीचे नाव 'स्क्यूरा' ठेवले. पुढे ते इब्न सीनांच्या प्रजातीतलेच निघाले. मुंबईच्या खाड्यांत आज सर्वाधिक दिसते ते हेच तिवर.

कुलांची मांडणी

१७८९ साली, फ्रेंच राज्यक्रांतीच्याच वर्षी, पॅरिसच्या आंत्वान द ज्यूस्यू यांनी एका लक्षणाऐवजी अनेक लक्षणे एकत्र तोलून १०० कुलांची मांडणी केली. तुळशीचे, जाईचे, अडुळशाचे, इसबगोलाचे अशी कुले त्यात वेगवेगळी उभी राहिली. नंतर इंग्लंडच्या जॉर्ज बेंथम यांनी तुळशीच्या कुलावर १८३२ ते १८३६ या काळात मोठा ग्रंथ लिहिला. भारतातून गेलेल्या वाळवलेल्या नमुन्यांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला होता. बेंथम आणि जोसेफ हूकर यांनी १८६२ ते १८८३ मध्ये २०२ कुलांची जी मांडणी केली, तीच भारतातील महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात निघाली, तीही याच परंपरेतली.

या मांडणीत तिवर सागाच्या शेजारी, व्हर्बिनेसी कुलात बसले. इसबगोलाचे काय करावे हे बेंथम-हूकरांना ठरवता आले नाही; त्याची फुले इतकी साधी आणि वाऱ्यावर परागकण सोडणारी, की कोणाशी जुळवावे ते कळेना. त्यांनी त्याचे कुल 'अपवादात्मक' म्हणून शेवटी ठेवून दिले. तिवराचेही पुढे मतभेद झाले; काहींनी त्याला सागापासून काढून त्याचे एकट्याचे स्वतंत्र कुल केले.

पेशीतला पुरावा

विसाव्या शतकाच्या अखेरीस नवा साक्षीदार हाती आला. प्रत्येक पेशीत आनुवंशिक द्रव्याची एक लांब लिपी असते. तिची अक्षरे चारच. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना तिच्यात क्वचित एखादे अक्षर बदलते. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती तपासणारे विद्वान जे करतात, तेच येथे करायचे. दोन प्रतींत एकाच जागी एकच चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असे ते ओळखतात. झाडांच्या पानांतील हरितकणांची लिपी अशी अक्षरशः ताडून पाहिली गेली.

१९९२ साली फिलिप कँटिनो यांनी फुलांच्या आणि इतर अवयवांच्या बारीक रचनेवरून साग व निरगुडी ही तुळशीच्या गोतातली असल्याचे पुरावे मांडले होते. या लिपीनेही तीच साक्ष दिली. २००१ साली रिचर्ड ओल्मस्टेड आणि सहकाऱ्यांनी स्क्रोफ्यूलॅरिएसी हे जुने मोठे कुल प्रत्यक्षात अनेक वेगळ्या शाखांची मोळी असल्याचे दाखवून दिले. २००२ साली तिवराची लिपी वाचली गेली तेव्हा ते अडुळसा आणि कारवी यांच्या कुलाशी जुळले. १९९८ पासून अनेक देशांच्या शास्त्रज्ञांचा गट ही सर्व माहिती एकत्र करून फुलझाडांची सामाईक मांडणी प्रसिद्ध करीत आला आहे. २०१६ च्या मांडणीत लॅमिएलीज गणाची वर सांगितलेली २४ कुले आहेत.

यातून काही गमतीही झाल्या. मराठी ग्रंथांत ज्या कुलाला 'साग कुल' म्हणत, त्यात आता साग नाही; तो तुळशीच्या कुलात गेला आणि मागे घाणेरीसारखी झाडे राहिली. ज्याला 'नीरब्राह्मी कुल' म्हणत, त्यातून नीरब्राह्मीच उठून इसबगोलाच्या कुलात गेली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्याला कोणी नातेवाईकच सापडत नव्हता, त्या इसबगोलाचे घर आज भरलेले आहे. काही कुलांपैकी कोण कोणाच्या अधिक जवळचे, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. तो कदाचित आपल्यापैकीच एखाद्या विद्यार्थ्याची किंवा विद्यार्थिनीची वाट पाहत असेल.

मग या गणाला एकत्र बांधणारे लक्षण कोणते? पाने बहुधा समोरासमोर येतात, पाकळ्या जुळून नळी होते, तिचे तोंड पुष्कळदा दोन ओठांसारखे असते आणि पुंकेसर बहुधा पाकळ्यांपेक्षा कमी असतात. यातले एकही लक्षण सर्वांत सापडत नाही. कोणात दोन, कोणात तीन. नाते ठरते ते सर्व पुरावा एकत्र पाहिल्यावर.

आपण काय घ्यावे

वाचकहो, या इतिहासातून आपल्या घरात नेण्यासारख्या तीन गोष्टी आहेत असे वाटते.

पहिली, एका बाह्य खुणेवरून केलेली वर्गवारी सोयीची असते, पण ती खरी असतेच असे नाही. पुंकेसर मोजून साल्व्हियाला भावापासून तोडणारा लिनीअस थोर होता, तरीही ते तोडणे चुकीचे होते. माणसांच्या बाबतीत पोशाख, भाषा किंवा आडनाव पाहून आपण, आणि आपल्याविषयी इतर, जे निर्णय घाईने करतात, त्यांना हाच नियम लागू करून पाहावा.

दुसरी, चूक दुरुस्त केल्याने थोरांचा अपमान होत नाही. लिनीअसला ज्यूस्यूने सुधारले, ज्यूस्यूला बेंथमने, बेंथमला आजच्यांनी. इब्न सीनांनीही आपल्या आधीच्या जालीनूससारख्या हकिमांना आदराने वाचले आणि जेथे पटले नाही तेथे तसे लिहिले. पाठ्यपुस्तकात आहे म्हणून पाठ करणाऱ्या मुलाला परीक्षेत गुण मिळतील. पण 'असे का?' हे विचारणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आपण घरात गप्प बसवू नये. इल्म त्या प्रश्नानेच वाढत आले आहे.

तिसरी गोष्ट अभिमानाची आहे. झाडावर इब्न सीनांचे नाव आहे, याचा आनंद जरूर मानावा. परंतु ते नाव आपण दिलेले नाही. दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या धर्माच्या एका विद्वानाने ते सात शतकांनंतर कृतज्ञतेने दिले, कारण त्याच्यापर्यंत इब्न सीनांचे काम पोहोचले होते. तो मान कामाचा आहे आणि तो पुढे चालवायचा तर कामानेच. डॉ. हमीदुल्लाह यांनी हरवलेला ग्रंथ उतारा-उतारा वेचून जुळवला, तो मार्ग आपल्या मुलामुलींना खुला आहे.

सुरुवात अगदी साधी असू शकते. या पावसाळ्यात मुलांनी घराभोवतीच्या दहा झाडांच्या डहाळ्या आणाव्यात. तुळशीचे आणि पुदिन्याचे कोवळे खोड बोटांत फिरवून पाहावे. ते चौकोनी लागेल. पाने समोरासमोर आहेत का, फुलाला ओठ आहेत का, पुंकेसर किती, हे वहीत लिहावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या झाडाचे मराठी, उर्दू आणि कोकणी नाव विचारून शेजारी नोंदवावे. आजी-नानींच्या तोंडी असलेली ही नावे त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नयेत. हॉर्टस मलबारिकस अशाच नावांवर उभा राहिला. आणि जमल्यास ओहोटीच्या वेळी शिक्षकांबरोबर खाडीकाठी जाऊन तिवर पाहावे. तोड मात्र करू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली त्या तोडीला मनाई केली आहे, आणि भरती-वादळात किनारा सावरून धरणारे झाड ते हेच.

आपल्या मुलामुलींनी त्या झाडाखाली उभे राहून त्याचे नाव, त्याचे गोत आणि ते गोत शोधणाऱ्यांची परंपरा सांगावी, आणि त्या परंपरेत एखादा दुवा स्वतःचाही जोडावा, एवढीच अल्लाहपाशी दुआ आहे.